दाखलखारीज रजिस्टर आणि फाशी

३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवून देण्यात आले आणि १० तारखेला नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. त्या आठवड्यात आमच्या गावातून निघालेल्या मोर्चात मीही होतो. ‘फाशी द्या’ असे लिहिलेला पुठ्ठा माझ्या हातात होता आणि त्यावरचे अक्षरही माझेच होते, कारण गावातले फलक, लग्नपत्रिकांवरची नावे आणि श्रद्धांजलीचे मजकूर लिहिण्याचे काम निवृत्तीनंतरही गुरुजींकडेच येते. कापसाचा शेवटचा वेचा चालू होता, तरी बाया वावरातून थेट मोर्चात आल्या होत्या. पानठेलेवाला मला म्हणाला, ‘‘फाशी तं लय सोपी झाली गुरुजी, त्याले बी तसाच जाळा लागते.’’ मी काही बोललो नाही. त्या दिवशी मला त्याचे म्हणणे फारसे चुकीचे वाटलेही नव्हते.

हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण फाशी ही क्रूर आणि असाधारण शिक्षा आहे काय, या वादाविषयी त्यानंतर मी जे वाचले, त्याने माझे मत हलले आहे.

फाशी ही ‘क्रूर आणि असाधारण’ शिक्षा आहे काय, हा प्रश्न मुळात आपल्या राज्यघटनेच्या भाषेतला नाही. ते शब्द इंग्लंडच्या १६८९ च्या अधिकारपत्रातले आहेत आणि तिथून ते १७९१ मध्ये अमेरिकेच्या, अशा शिक्षांना मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीत गेले. आपल्याकडे तसे कलम नसले तरी तिहार तुरुंगातील फाशीच्या कैद्याला एकांतात डांबण्याच्या १९७८ च्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले, की जगण्याचा हक्क देणाऱ्या कलम २१ चा अर्थ आता जसा लावला जातो, तो पाहता आपल्याकडेही परिणाम तोच होतो. मला त्यातला ‘असाधारण’ हा शब्द अधिक विचार करायला लावतो. अमेरिकेत १९७२ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी तेव्हाच्या फाशीच्या शिक्षा रद्द झाल्या, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांनी म्हटले होते, की अंगावर वीज पडणे जसे क्रूर आणि असाधारण, तशाच या शिक्षा आहेत. तितकाच गंभीर गुन्हा करणाऱ्या अनेकांतून मूठभरांवरच ती कोसळते. चारच वर्षांत तिकडे फाशी परतली, हा भाग वेगळा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग प्रकरणात फाशी घटनात्मक ठरवली ती ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणापुरती. म्हणजे तिकडे जो दोष मानला गेला, तीच इकडे अट झाली.

आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत वीज पडते. वावरात दहा जण कामात असतात आणि झाडाखाली उभा राहिलेला एक जातो. उरलेल्या नऊ जणांनी काय पुण्य केले होते, हे कोणी विचारत नाही. पण न्यायालयाच्या बाबतीत ते विचारावे लागते. उत्तर प्रदेशातल्या एका हत्याकांडात तिघांना सारखीच शिक्षा झाली होती. तिघांची अपिले वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेली. एकाची फाशी जन्मठेपेत बदलली, दुसरा ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर गेला आणि तिसऱ्याच्या वेळी न्यायालयाला हा सगळा घोळ लक्षात आला. बच्चनसिंग प्रकरणात एकट्याने विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती भगवती यांचा मुख्य आक्षेप हाच होता, की जगणे-मरणे खंडपीठावर कोण बसले आहे त्यावर ठरते.

दोरखंडाविषयी माझे फारसे भांडण नाही. गळफास ही क्रूर पद्धत नव्हे, असे न्यायालयाने १९८३ मध्येच ठरवले आहे. माझा प्रश्न दोरापर्यंत पोहोचण्याच्या वाटेविषयी आहे आणि ती वाट बहुधा आमच्यासारख्या माणसांच्या सह्यांवरून जाते.

नोकरीत असताना एकदा मी पोलिसांच्या पंचनाम्याला पंच झालो होतो. खुनाचे प्रकरण होते. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा कुऱ्हाड आधीच टेबलावर कापडात गुंडाळून ठेवलेली होती आणि ‘आरोपीने पंचांसमक्ष काढून दिली’ असे लिहून तयार होते. शाळेची वेळ झाली होती, साहेब ओळखीचे होते. मी सही केली. आरोपी पुढे सुटला, पण त्यात माझ्या प्रामाणिकपणाचा काही भाग नव्हता. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या २००३ च्या प्रकरणाची हकीकत वाचताना मला ती कुऱ्हाड आठवली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, आणि त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून सुरुवातीला भलत्याच चौघांना ओळखले होते, हे कागदावर पहिल्यापासून होते.

दुसरे प्रकरण तर थेट माझ्या पेशातले आहे. पुण्यात १९९४ मध्ये पाच स्त्रिया आणि दोन मुले अशा सात जणांची हत्या झाली. त्यात फाशी झालेला एक राजस्थानी माणूस अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला आणि मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटला. खटल्यात त्याचे नावही वेगळे लागले होते. त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षे सहा महिन्यांचा होता. बालगुन्हेगार म्हणून त्याला फार तर तीन वर्षे ठेवता आले असते.

मी तीस वर्षे दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांची नोंदवही, लिहिले आहे. जून-जुलैत बाप पोराला घेऊन यायचा. जन्माचा दाखला नसायचा. ‘‘कवा झालं?’’ विचारले तर ‘‘महापुराच्या साली’’ नाहीतर ‘‘ज्वारी सवंगत होतो तवा’’ असे उत्तर यायचे. पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की सहा वर्षे पुरी समजायची आणि १ जुलै लिहून मोकळे व्हायचे. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात अख्खी पानेच्या पाने १ जुलैला जन्मलेली आहेत. नोकरीत बढतीच्या वेळी त्यावरून होणारी भांडणे मी पाहिली आहेत, पण माझ्या शाईतल्या त्या अंदाजावर कोणाचा फास अवलंबून असू शकतो, हे कधी मनात आले नव्हते. त्या राजस्थानी माणसाच्या शाळेत नोंद होती आणि ती मिळाली. नसती मिळाली तर?

खैरलांजीपुढे मात्र माझी ही सगळी मांडणी थिटी पडते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात दलित भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुले मारली गेली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली होती. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली आणि कारण जातीचे नसून सूडाचे आहे, असे धरले. तेव्हा माझ्यासोबत नोकरी केलेले एक बौद्ध शिक्षक मित्र एवढेच म्हणाले, की आमचे चार जीव गेले तरी ते ‘दुर्मीळ’ ठरत नाही, कारण ते तसे दुर्मीळ नाहीच. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी फाशी सरळ रद्दच करावी असे मत मांडले होते आणि या देशातले लोक अहिंसा पाळत नसले तरी तिला नैतिक आज्ञा मानतात, असे कारण दिले होते. हे मी मित्राला सांगायला गेलो नाही. त्यांना ते माझ्या आधीपासून ठाऊक होते. फाशी नको म्हणणारा आणि न्याय झाला नाही म्हणणारा माणूस एकच असू शकतो, हे मला त्यांच्याकडे पाहून कळले.

हिंगणघाटच्या प्रकरणात १० फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे ती गेल्याला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, जन्मठेप झाली. पानठेल्यावर पुष्कळ चडफड झाली आणि मग तुरीच्या भावावर गोष्ट गेली.

नागपूरच्या तुरुंगातून तो राजस्थानी माणूस सुटल्याची बातमी आली तेव्हा मी पेपर घेऊन त्याच पानठेल्यावर गेलो आणि ‘तसाच जाळा लागते’ म्हणणाऱ्या त्याच माणसाला ती मोठ्याने वाचून दाखवली. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. ‘‘बारा वर्साचा म्हंजे सातवीतला ना गुरुजी? माहा पोरगा सातवीतच हाये.’’ मी हो म्हणालो. पान बांधून हातात देताना त्याने विचारले, ‘‘मंग ते सात जीव गेले, त्याइचं काय?’’