एवढे झाले की बस

आज कपाट आवरताना नऊ वर्षांपूर्वीची वही सापडली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात एक आकडा, खाली दोन रेघा, आणि बाजूला लिहिलंय 'एवढे साठले की बस, मग टेन्शन नाही'. आकडा इथे सांगत नाही, लाज वाटते. पण तो पार होऊन चारेक वर्षं झाली आणि कधी पार झाला ते मला कळलंसुद्धा नाही, कारण तोवर डोक्यात दुसरा आकडा येऊन बसला होता, आता तर तिसरा आहे.

वही सापडायची वेळ पण बघा. कालच एका मैत्रिणीचा फोन आलेला, जमीन विकली म्हणे, भरपूर पैसे सुटले. मी अभिनंदन केलं, अगदी मनापासून केलं असं तेव्हा तरी वाटलं, आणि मग रात्री साडेबारापर्यंत मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून बसले की आपण त्याच वेळी घेतली असती तर आज किती झाले असते. नवरा म्हणाला, "अगं, पण आपलं अडलंय कुठे?" कुठेच नाही. फोन यायच्या आधी आणि नंतर माझ्या खात्यात एका पैशाचा फरक पडला नव्हता, तरी एकदम गरीब झाल्यासारखं वाटायला लागलं.

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. शाळेत पाठ केले तेव्हा वाटायचं सहा वेगवेगळे शत्रू आहेत. काल बघितलं, सहाव्याने दार उघडलं आणि तिसरा आत येऊन बसला.

यात हुशारी कामाला येत नाही हे एक बरंय (किंवा वाईट). न्यूटनचं घ्या. 1720 साली साऊथ सी कंपनीचे शेअर त्याने आधी चांगल्या नफ्यात विकले होते, विषय संपला होता. पण भाव चढतच राहिला, बाकीचे कमावत राहिले, आणि हा परत चढ्या भावाने घेऊन बसला, मग फुगा फुटला आणि जबर नुकसान. तेव्हा तो टांकसाळीचा प्रमुख होता, म्हणजे नाणी पाडणं हेच काम! सफरचंदाचा जोक करायचा मोह आवरते.

शब्द पण गंमतीदार आहे. आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायचो, तिथे लोभ म्हणजे माया. ओढ तीच, फक्त माणसाकडे वळलेली. 'हाव' म्हटलं की मात्र कुणी मायेने बोलत नाही. ईशोपनिषदात 'मा गृधः' आहे ना, हाव धरू नकोस, त्यातला गृध् धातू म्हणजे ज्याच्यावरून गृध्र आला, आपलं गिधाड. बिचारं गिधाड. ते कधीकधी इतकं खातं की उडता येत नाही, मान्य, पण शेवटी थांबतं तरी, कारण पोट भरतं. आकड्याला पोटच नाही. अ‍ॅरिस्टॉटलने हेच वेगळ्या तऱ्हेने मांडलंय, घर चालवायला लागणाऱ्या वस्तूंना मर्यादा असते, पैशासाठी पैसा मिळवायला लागलं की ती राहत नाही.

आता एक गोष्ट स्वतःच्या बाजूने पण लिहिते. लहानपणी महिनाअखेरीला उसने पैसे मागायला मला पाठवायचे, लहान मुलीला कोण नाही म्हणणार म्हणून. ते दारात उभं राहणं अजून अंगात आहे. पैशाला नावं ठेवणाऱ्यांपैकी बरेच जण असे दारात उभे राहिलेले नसतात, त्यामुळे त्यांचं प्रवचन मला ऐकवत नाही. पहिला आकडा त्या मुलीने लिहिला होता, त्याला मी हाव म्हणणार नाही. दुसरा बहुधा भीतीचा होता, तेव्हा मी त्याला प्लॅनिंग म्हणायचे. तिसरा कुणाचा? तो सरळ सरळ मैत्रिणीचा आहे, मी फक्त तिच्याकडून उचललाय.

वहीत जुन्या आकड्याखाली आजचा लिहायला घेतला होता, दोन अंक लिहिले आणि खोडले. नवरा विचारत होता काय खरडतेस, म्हटलं काही नाही, हिशोब.

उद्या मैत्रिणीला फोन करायचाय. सहजच. त्या भागात अजून कुणी जमीन विकतंय का ते विचारणार नाहीये. म्हणजे, तिने स्वतःहून विषय काढला तर गोष्ट वेगळी.