सोलर तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र आणि आधी लिहिलेले आडनाव

सौर प्रकल्पावर काम मागायला गेलेल्या वीजतंत्र्याला हल्ली अनुभवाबरोबर प्रमाणपत्रही विचारले जाते. ते मिळवण्यासाठी मी आरपीएलचा, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कौशल्याला मान्यता मिळवण्याचा मार्ग धरला. त्यात येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात; पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही. शुल्क लागले नाही, प्रशिक्षण बरे होते आणि परीक्षा जड गेली नाही, त्यामुळे या तिन्हींबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मी अडकलो तो नावाच्या पडताळणीत, आणि तिथे इतका काळ गेला की त्या प्रशिक्षण केंद्राची पाटी दिसली तरी आजही माझे डोके फिरते.

आधी कामाबद्दल सांगतो, म्हणजे एवढी उठाठेव कशासाठी केली ते समजेल. मी २०११ साली वीजतंत्री या व्यवसायात आयटीआय केले आणि त्यानंतर धुळे-साक्री पट्ट्यात जिनिंगमधल्या मोटारी, स्टार्टर आणि पॅनेल सांभाळले. हे काम हंगामी असते. कापूस संपला की माणूस मोकळा. आमच्याकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या कित्येक वर्षांपासून फिरत आहेत आणि शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. पण २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला आणि हे काम एका जागी न राहता उपकेंद्रा-उपकेंद्रांवर पसरू लागले. शेतीच्या फीडरला (शेतपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला) दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्राच्या आसपास काही मेगावॉटचे छोटे प्रकल्प उभे राहतात. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या जमिनीवर कोणत्या कारागिराला किती काळ काम मिळेल, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. उभारणीच्या काही महिन्यांत खांब रोवणारे, सांगाडा जोडणारे आणि केबल ओढणारे यांची रीघ लागते. एकदा प्रकल्प चालू झाला की तिथे राखणदार, पॅनेल धुणारे आणि एखाददुसरा तंत्रज्ञ एवढेच उरतात. मला त्या एखाददुसऱ्या तंत्रज्ञाची जागा हवी होती.

सूर्यमित्र या निवासी प्रशिक्षणाचाही विचार मी केला होता. तो अभ्यासक्रम मूळचा ६०० तासांचा, म्हणजे जवळपास तीन महिने घराबाहेर राहण्याचा. नुकतेच आयटीआय झालेल्या मुलाने तोच करावा, कारण हात बसायला वेळ मिळतो. घरात मिळवता एकच असेल तर तीन महिने परवडत नाहीत, आणि मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र) कसा धरायचा हे मला नव्याने शिकायचे नव्हते.

आरपीएलसाठी केंद्र सरकारच्या स्किल इंडिया डिजिटल हबवर नोंदणी मोबाइलवरच झाली. आधारशी जोडलेला क्रमांक चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. आधारवरून ई-केवायसी झाली की नाव आपोआप भरले जाते. ते सोयीचेच आहे, पण माझ्या बाबतीत पुढचे सगळे तिथूनच सुरू झाले.

आधारवर माझे नाव आधी, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव आहे. आयटीआयच्या कागदी प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग माझे नाव आणि मग वडिलांचे. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजातून बाहेर पडलेल्या लक्षावधी लोकांचे कागद असेच आहेत. त्यात वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी शेवटी एक ‘ए’ जास्त होता. केंद्रावरच्या ताईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, त्यांवर प्लास्टिकची पट्टी आडवी धरली आणि एकेक अक्षर ताडत गेल्या. पट्टी त्या जादा ‘ए’पाशी थांबली. “क्रम तरी चालवून घेतला असता, पण हे स्पेलिंगच वेगळं आहे,” असे म्हणून त्यांनी माझा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर माझा फोटो होता, जन्मतारीख होती, आणि मी स्वतः समोर उभा होतो. पण पट्टीखाली यांपैकी काहीच येत नव्हते.

त्यांनी सुचवलेला पहिला उपाय म्हणजे आधारवरचे नाव बदलून आणणे. याला मी साफ नकार दिला, आणि माझा सल्ला आहे की तुम्हीही द्यावा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. शिवाय बँक, पॅन आणि भविष्यनिर्वाह निधी या सगळ्यांची जुळणी आधारशी झालेली असते. एका प्रमाणपत्रासाठी आधार हलवले की बाकीचे सगळे कागद एकेक करून विस्कटतात, आणि पीएफमधले नाव एकदा जुळेनासे झाले तर ते पुन्हा जुळवण्याचा ताप निराळाच.

दुसरा उपाय आयटीआयचे प्रमाणपत्र दुरुस्त करून आणण्याचा होता. तो ऐकायला रास्त वाटला म्हणून मी माझ्या जुन्या संस्थेत गेलो. तिथल्या लिपिकांनी शांतपणे जुनी नोंदवही काढली, माझी नोंद शोधली आणि मला दाखवली. संस्थेने नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे लिहिले होते, आणि दाखल्यावर ते तसेच होते, त्या ‘ए’सकट. चूक असेल तर दुरुस्ती होते. इथे चूकच नव्हती, मग दुरुस्त काय करणार? त्यांचे म्हणणे मला आजही खोडता येत नाही. शाळा बरोबर होती, संस्था बरोबर होती, आधार बरोबर होते, आणि हे तिघे मिळून मला परीक्षेला बसू देत नव्हते.

तिसरा उपाय राजपत्राचा. ज्याला त्याला राजपत्र सुचवण्याची आपल्याकडे सवयच झाली आहे. पण त्या अर्जात जुने नाव आणि नवे नाव असे दोन रकाने असतात, आणि मला नाव बदलायचे नव्हतेच. जे नाव मी कधी टाकले नाही ते ‘जुने’ म्हणून लिहून द्यायचे, मग ती जाहिरात आयुष्यभर प्रत्येक फाइलला जोडत फिरायचे, हे मला पटले नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींची गोष्ट वेगळी. त्यांनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र आधीच काढून ठेवावे, नाहीतर हीच अडचण त्यांना दुप्पट येईल.

या फेऱ्यांत बॅच भरली आणि निघूनही गेली. केंद्राला ठरावीक कामासाठी ठरावीक संख्येचे ‘टार्गेट’ मंजूर होते, आणि ते संपले की पुढचे कधी येईल हे केंद्रालाही सांगता येत नाही. “टार्गेट आलं की फोन करतो,” एवढेच उत्तर मिळत राहिले. मधल्या काळात तिथे शिवणकामाची बॅच सुरू झाली. शिवणकामाबद्दल माझी तक्रार नाही. पण खिडकीतून बाहेर पाहिले तर पॅनेल घेऊन जाणारे ट्रक दिसत होते आणि आत सौर कामाचे टार्गेट शून्य होते. जिल्ह्यात कोणत्या कौशल्याला मागणी आहे हे ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, आराखडाही होतो. त्या आराखड्यासाठी कोणीतरी उपकेंद्राच्या फाटकाशी सकाळी आठ वाजता उभे राहावे आणि कामावर येणाऱ्या गाड्यांचे पासिंग कोणत्या जिल्ह्याचे आहे ते पाहावे, असे मला तेव्हा फार वाटे. इथले वीजतंत्री घरी बसलेले आणि क्रिम्पिंग करायला (वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवायला) माणूस दोन जिल्हे ओलांडून येतो, याचे कारण कौशल्य नसणे हे नेहमीच नसते.

वाट मोकळी झाली ती आमच्या काळच्या एका निवृत्त शिल्पनिदेशकांमुळे, म्हणजे आयटीआयमध्ये काम शिकवणाऱ्या सरांमुळे. सरांनी सांगितले की दुरुस्ती मागूच नकोस. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे पत्र प्राचार्यांकडून माग. दुरुस्तीला नियम आडवा येतो, पत्राला येत नाही. त्या पत्रात काय असावे हेही त्यांनीच सांगितले: संस्थेच्या लेटरहेडवर जावक क्रमांक, व्यवसाय, सत्र, परीक्षेचा बैठक क्रमांक, जन्मतारीख, दोन्ही प्रकारे लिहिलेले नाव इंग्रजी स्पेलिंगसह, आणि कोपऱ्यात फोटो, ज्यावर शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल. सोबत त्याच मजकुराचे शपथपत्र. अर्ज मी याच शब्दांत लिहून दिला आणि ज्या टेबलावरून आधी रिकाम्या हाताने परतलो होतो, तिथूनच पत्र तयार होऊन आले. म्हणून सांगतो, ‘दुरुस्ती’ हा शब्द अर्जात घालू नका.

पुढचे टार्गेट आल्यावर मी पत्र घेऊन केंद्रावर गेलो. मी मनात भांडणाची पूर्ण तयारी केली होती. ताईंनी पत्रावरचा शिक्का पाहिला, मजकूर न वाचता ते फाइलला टाचले आणि आत जायला सांगितले. पट्टी टेबलावरच पडून होती. सुटका झाल्याचा आनंद खरा, पण एवढ्यासाठी एक अख्खी बॅच गेली याचा राग त्याहून खरा.

प्रशिक्षणात शिकवणी बहुतेक घराच्या छतावरच्या संचाची झाली. पुण्या-नाशकात तेच काम आहे. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आल्यापासून तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, त्यामुळे तिथे नेट मीटरचे (घरातून ग्रीडला गेलेली आणि ग्रीडकडून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरचे) अर्ज, फोटो, देशी बनावटीच्या पॅनेलचे कागद हे सर्व जमणारा माणूस हवा असतो. आमच्या तालुक्यात मागणी निराळी आहे. इथे शेतकरी आपला १० टक्के हिस्सा भरून सौर पंप घेतो, पंप बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते, आणि गहू पाण्यावर आलेला असताना कंट्रोलर बंद पडला तर त्याला आजच्या आज माणूस लागतो. म्हणून मी केंद्रात पंपाच्या कंट्रोलरबद्दल मुद्दाम विचारून घेतले. अभ्यासक्रमात नसले तरी प्रशिक्षकांना येत होते. तुम्हीही आधी आपल्या गावाहून एसटीने जाऊन-येऊन करता येईल अशा अंतरात कोणते काम आहे ते पाहा आणि मग अभ्यासक्रम निवडा. पवनचक्कीवर जायचे असेल तर हे प्रमाणपत्र तिथे उपयोगी नाही. उंचीवरच्या सुरक्षेचे जीडब्ल्यूओ (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) प्रशिक्षण वेगळे असते आणि त्याची मुदत दोन वर्षांनी संपते.

परीक्षेत लेखी भाग टॅबवर होता. प्रात्यक्षिकात एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडणारा) जोडायला दिला. शेजारच्या मुलाने साध्या पकडीने टर्मिनल दाबले. परीक्षकांनी वायर हलकेच ओढली आणि ती निघून हातात आली. माझी वायर त्यांनी दोनदा ओढली, जोर लावून ओढली, आणि काही न बोलता पुढे गेले. असे सैल टर्मिनल छतावर तापत राहते आणि आगीचे कारण ठरते, हे एसीवर (घरच्या विजेसारख्या आलटत्या प्रवाहावर) आयुष्य घालवलेल्या माणसालाही लक्षात ठेवावे लागते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव असतो. डीसीत, म्हणजे पॅनेलमधून येणाऱ्या एकाच दिशेच्या प्रवाहात, तो वाव नसतो. म्हणून चालू लोडवर कनेक्टर उघडायचा नाही. इन्व्हर्टर बंद, डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद, क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य, आणि मगच कनेक्टरला हात, हा क्रम तोंडी परीक्षेत विचारलाच जातो. ढगाळ दिवशी स्ट्रिंगवर (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांच्या रांगेवर) व्होल्टेज किती असेल, हाही आवडता प्रश्न आहे. ते जवळपास पूर्ण असते. कमी होतो तो प्रवाह. आकाशातल्या विजेपासून बचावाचे, डीसीचे आणि एसीचे अर्थिंग वेगवेगळे, हेही पाठ करून जा.

प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये येते, आणि त्यावर आधारवरचेच नाव छापून येते. आयटीआयच्या कागदावरचे नाव त्यात कुठेही नाही.

आता मी वस्तीपासून जवळच्या एका फीडर प्रकल्पावर देखभालीचे काम पाहतो. रुजू होताना ठेकेदाराने वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, उंचीवर काम करण्यास पात्र असल्याचा उल्लेख आणि पोलीस पडताळणी मागितली. पोलीस पडताळणीलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, तेव्हा टार्गेटची वाट पाहत बसण्याच्या काळातच तिचा अर्ज करून टाका. प्राचार्यांच्या पत्राच्या मूळ प्रती दोन मागून घ्या, कारण एक केंद्राच्या फाइलला लागते आणि ती परत मिळत नाही.