वात वर कर मरे!

२००९ सालची गोष्ट. हॅरी पॉटरचा सहावा भाग जुलैतच लागला होता, पण वेंगुर्ल्याकडच्या आमच्या एकपडदा थिएटरला प्रिंट मिळायची ती शहरं फिरून, अंगावर रेघा घेऊन. पेट्या आल्या नारळी पुनवेच्या आदल्या रात्री. हिंदी डब, दोन तास तेहतीस मिनिटं. मिनिटाला ९० फूट धरले तर पावणेचौदा हजार फूट फिल्म. सकाळभर सांधे तपासत बसलो. प्रत्येक सांधा चिमटीतून सरकवायचा, नखाला अडकला की मशीनच्या गेटमध्येही अडकणार. हे काम मी कुणाला देत नसे. केबिनच्या काचा, ज्यांतून झोत पडद्यावर जातो त्या, पुसायचं मात्र पोऱ्यावर सोडलं.

सुट्टी असल्याने दुपारचा शो पोराबाळांनी भरला. लंडनचा पूल कोसळला तेव्हा शिट्ट्या पडल्या. मग जो हिरवट-करडा काळोख सुरू झाला तो संपेचना. बाल्कनीतून आवाज आला, "ए ऑपरेटर, झोपलस काय रे? वात वर कर मरे!"

सगळं थिएटर हसलं.

मॅनेजर धापा टाकत वर आले. त्यांना म्हटलं, "साहेब, पिक्चरच काळोखी आहे. मुद्दाम केलाय." (या कामासाठी कॅमेरामन ब्रुनो देलबोनेल यांना पुढे ऑस्करचं नामांकन मिळालं. तेव्हा हे माहीत असतं तरी आमच्या मॅनेजरना काय फरक पडला असता?) लॅम्पचे तास कधीच भरले होते. नवा आणायचं नाव नाही, पण "ॲम्पिअर वाढव" सांगायला पैसे पडत नाहीत. वाढवले. काटा ७० वरून ७५ वर. झालं काय, तर काळं होतं ते राखाडी झालं आणि चेहरे पीठ लावल्यासारखे दिसू लागले. ओरडा थांबला नाहीच. लोकांना पडद्यावर हळदीकुंकवासारखा उजेड लागतो, असं मनात म्हणत बसलो.

इंटरव्हलला सहज काचेच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे हॉलकडून, बोट फिरवलं. रेघ उठली. बोट जिभेला लावलं तर खारट. पोऱ्याने आतली बाजू चकचकीत केली होती, बाहेरची तशीच. पावसाळ्यात दारं उघडी राहतात, खारं वारं थेट हॉलमध्ये शिरतं आणि काचेवर दमट मिठाचा थर बसतो. माझ्याच गावचं वारं, आणि मीच विसरलो होतो. दोन्ही मशीनच्या काचा चौकटीतून काढल्या, जुन्या धोतराच्या फडक्याने स्पिरिट लावून पुसल्या. काटा परत ७० वर आणला.

मग ती गुहा आली. तळ्यातून वर येणारे पांढरे हात, म्हाताऱ्याने भोवती फिरवलेली आग. काळं काळंच राहिलं आणि त्यातून आग फुटली. कोणी ओरडलं नाही.

मनोऱ्यावरचा प्रसंग. हिरवा झोत, तो म्हातारा डंबलडोर मागे कोसळला, आणि लाईट गेली.

आमच्याकडे श्रावणात लाईट गेली की खुर्च्या वाजतात, आईबहीण निघते. त्या दिवशी शिट्टीसुद्धा नाही. शटर पाडून मी भोकातून खाली बघत होतो. ब्लोअर थांबल्यामुळे पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. त्यांना तो पिक्चरमधलाच काळोख वाटला, की खरंच कोणाला बोलावंसं वाटलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या रांगेतून एक पोर म्हणालं, "बाबा, तो मेलो?"

"गप रव."

दीड-दोन मिनिटांनी जनरेटर धडधडला. मशीन चालू केलं तेव्हा काही फूट गेलेच होते. पडद्यावर एकेक जण कांडी वर करत होता, टोकाला इवलासा उजेड. तो मागच्या भिंतीजवळूनही दिसला असणार.

शो सुटल्यावर मॅनेजर जिन्यात भेटले. "इंटरव्हलनंतर बरा दिसत होता. ॲम्पिअर वाढवलस मा?"

मी मान हलवली. फडकं खिशातच होतं.