चाळीसाचे ऐंशी आणि मधला बांध

फेब्रुवारीतली गोष्ट. नव्या हळदीची आवक सुरू झालेली. सकाळी दहाच्या सुमाराला सांगलीच्या मार्केट यार्डातून, एका अडतीवरच्या दिवाणजींचा फोन आला. "ताई, पट्टी निघंना झालीया. जागा न्हाई म्हनतंय." मी विश्रामबागेत एकाचा प्रिंटर उघडून बसले होते. तो तसाच उघडा ठेवला आणि गाडी काढली. सौद्याच्या दिवशी शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, थांबलेला असतो, त्याला उद्या या म्हणता येत नाही.

या अडतीवरचा हिशेबाचा प्रोग्राम जुना, डॉसमधला. काळा पडदा, पिवळी अक्षरं आणि शेजारी चरचरणारा डॉट मॅट्रिक्स. असले 16 बिटचे प्रोग्राम 64 बिट विंडोजवर चालतच नाहीत, त्यांना 32 बिट विंडोज लागतं. विंडोज 11 तर 32 बिटमध्ये निघालेलंच नाही. म्हणून नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्राम, टाकलं आणि त्याच्या पोटात 32 बिटचं विंडोज 10 बसवलं. त्याचाही नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून त्या आतल्या मशीनचं नेटवर्क मी काढूनच टाकलंय. 'आता प्रोग्राम बदला' असं दोनदा सांगून पाहिलं होतं. पण हमाली, तोलाई, अडत हे रकाने दिवाणजी कीबोर्डकडे न बघता भरतात. ते बघितल्यापासून मी सांगायचं सोडलं.

आतल्या मशीनला मी डिस्क दिली होती 40 जीबीची, बाहेरच्या मशीनवर बघितलं तर ती नुसती फाइल. प्रोग्रामचा सगळा डेटा मिळून एक जीबीसुद्धा नाही, मग 40 भरले कशानं? सी ड्राइव्हवर 'बॅकअप' नावाचं फोल्डर सापडलं. रोज संध्याकाळी पेढी बंद करताना दिवाणजी बॅकअप घेतात. एक झिप सुमारे 55 एमबीची. अशा चारशेच्या वर झिपा, म्हणजे 23 जीबी. जुन्या पुसल्या असत्या तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

पण पेढीचे मालक अण्णा म्हणाले, "ताई, काय बी करा, पन पुसायचं न्हाई."

त्याला कारण आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. अण्णांची जुनी पेढी गणपती पेठेत. तिथल्या खतावण्या आणि त्यांच्या नकला एकाच लोखंडी कपाटात होत्या, सगळ्यांचा लगदा झाला. त्यानंतर या माणसापुढं 'डिलीट' हा शब्द काढायची सोय राहिलेली नाही. तेवढ्यापुरत्या पंधरावीस झिपा मी पेन ड्राइव्हवर हलवल्या, पट्ट्या चालू झाल्या, आणि डिस्क वाढवायचं काम संध्याकाळी पेढी बंद झाल्यावर धरलं.

पहिली अडचण माझीच. प्रिंटरची जुळणी करताना मी एक स्नॅपशॉट, म्हणजे बिघडलं तर मागं जायची खूण, घेतला होता आणि विसरले होते. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क फाइल तिथंच गोठते आणि पुढचं सगळं वेगळ्या फरकाच्या फाइलीत जातं. इथं मूळ 19 जीबी आणि फरक 24 जीबी झालेला. अशी साखळी असताना नुसती मूळ फाइल वाढवून उपयोग नाही, आधी दोन्ही एक कराव्या लागतात. आणि त्या बटणावर लिहिलेलं असतं 'डिलीट'. अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. "ओ ताई!" मी समजावलं, की ही फक्त मागं जायची खूण पुसतीय, काम सगळं मूळ फाइलीत मुरणार. पटलं नाही. मग आधी मशीन नीट शटडाऊन केलं, नुसतं झोपवून चालत नाही, आणि अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. डिस्क पुढच्या जुन्या यूएसबी पोर्टला लावली, म्हणून 43 जीबीला पाऊण चहाऐवजी दोन चहा लागले. कॉपी झाल्यावर अण्णा म्हणाले, "आता दाबा." (कॉपी मी तशीही केलीच असती. पण श्रेय त्यांचं.)

फाइल वाढवणं हा सगळ्यात सोपा भाग. व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया मॅनेजरमध्ये आकाराचा काटा 80 वर नेला, झालं. कमांडनं केलं तर आकडा एमबीत द्यायचा असतो, म्हणजे 81920. मी पहिल्यांदा कधीतरी नुसतं 80 लिहिलं होतं, तेव्हा त्यानं सरळ नकार दिला, कारण त्याला वाटलं मला डिस्क लहान करायचीय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क वाढते, कमी होत नाही. आणि 80 केली म्हणून लगेच 80 जीबी जागा जातही नाही. फाइल लागेल तशी फुगते. मात्र एकदा फुगली की आतलं पुसून आपोआप आटत नाही.

मशीन चालू केलं. सी ड्राइव्ह 40 चाच.

"वाढीवलं म्हनलासा न्हवं?" दिवाणजी.

मी म्हटलं, सातबाऱ्यावर क्षेत्र वाढलंय, बांध अजून जुन्याच जागी आहे. हे त्यांना लगेच कळलं. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर वाढीव 40 जीबी उजवीकडं पडीक दिसत होते, पण 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकं, दाबता येईना. कारण सी ड्राइव्ह आणि पडीक जागा यांच्या मधोमध पाचेकशे एमबीचा एक तुकडा होता, रिकव्हरी पार्टिशनचा, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला. सी ला फक्त लगतच्या जागेत पसरता येतं, मधल्याला ओलांडून जाता येत नाही. "म्हंजे मधी भावकीचा तुकडा हाय," दिवाणजी म्हणाले. अगदी तेच.

तो तुकडा डिस्क मॅनेजमेंटमधून निघत नाही, उजव्या क्लिकमध्ये काही येतच नाही. आधी ॲडमिनच्या कमांड खिडकीत 'रीएजंटसी' ला, म्हणजे रिकव्हरी चालू-बंद करणाऱ्या कमांडला, 'डिसेबल' सांगितलं, म्हणजे रिकव्हरीचा ऐवज सी ड्राइव्हवर परत येतो. मग डिस्कपार्टमध्ये, म्हणजे पार्टिशनं हाताळायच्या विंडोजच्याच कमांडमध्ये, डिस्क निवडली, पार्टिशनची यादी बघितली, आकारावरून तिसरं तेच आहे हे दोनदा ताडून घेतलं आणि 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'. इथं नंबर चुकला तर सी ड्राइव्हच जातो, म्हणून या जागी मी कुणाशी बोलत नाही. त्यानंतर एक्स्टेंड गडद झालं, एका दमात सी 79 च्या पुढं गेला. शेवटी रीएजंटसी परत 'एनेबल'.

चाचणीची एक पट्टी काढली. राजापुरी, 12 पोती, शेतकऱ्याच्या जागी अण्णांचंच नाव. बरोबर निघाली.

मग मी अण्णांना ती झिपांची यादी दाखवली आणि हे सगळं कुठं आहे ते सांगितलं. हा सी ड्राइव्ह म्हणजे बाहेरच्या मशीनवरची एकच फाइल. ती बिघडली तर प्रोग्रामही गेला आणि चारशे बॅकअपही. अण्णा जरा गप्प बसले. "म्हंजे कपाट तेच की ओ!"

त्या रात्री आतल्या आणि बाहेरच्या मशीनमध्ये शेअर्ड फोल्डर जोडलं (त्याला नेटवर्क लागत नाही) आणि एक छोटी बॅच फाइल लिहिली. आता दिवाणजींनी बॅकअप घेतला की तो बाहेरच्या मशीनवरही जातो आणि शनिवारी तिथून त्या बाहेरच्या डिस्कवर. डिस्क अण्णा पिशवीतून घरी नेतात, त्यांचं घर विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर. आतल्या 23 जीबीतलं मात्र अजून काहीच पुसू दिलेलं नाही. माझ्या हिशेबानं 80 भरायला अजून दोनेक वर्षं आहेत.

निघताना दिवाणजींनी अर्धा किलो हळद कागदात बांधून दिली. विश्रामबागेतला प्रिंटर दुसऱ्या दिवशी जोडला, एक स्क्रू उरला.