माळवदावरची बिऱ्हाडे

अंबाजोगाईच्या माझ्या आजोळच्या वाड्याचा खालचा मजला दगडाचा आणि वरचा चपट्या, पातळ, भाजक्या विटांचा आहे. रस्त्याने जाणाऱ्याला तेवढेच दिसते. वाड्याच्या डोक्यावर आणखी काही बिऱ्हाडे थाटलेली आहेत, हे माळवदावर, म्हणजे पूर्वी मातीच्या असलेल्या सपाट छतावर, चढल्यावरच कळते. तिथे जिन्यावरची विटांची ठेंगणी खोली आहे, स्वयंपाकघरावर हातभर उंचीचे विटांचे चौकोनी कडे आहे, तसेच पूर्वी माजघरावरही होते, बळदाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या कोठाराच्या, तोंडावर शहाबादी फरशी आहे आणि अलीकडे आलेली पाण्याची काळी टाकी आहे. टाकी सोडली तर ही सगळी मांडणी आमच्या लपंडावासाठी केलेली आहे, अशी लहानपणी माझी प्रामाणिक समजूत होती.

जिन्यावरच्या खोलीचे कारण सरळ आहे. जिना जिथे माळवदावर उघडतो तिथे डोक्यावर छप्पर नसेल, तर पाऊस पायऱ्या उतरून थेट ओसरीत येईल. पण बांधणाऱ्याची खरी हुशारी दिसते ती दाराच्या दिशेत आणि उंबऱ्यात. पावसाळी वारा येतो त्या नैर्ऋत्येकडे खोलीची पाठ आहे, दार पूर्वेला आहे आणि उंबरा वीतभर उंच आहे, म्हणजे पन्हाळ तुंबून माळवदावर पाणी साचले तरी ते आत येत नाही. त्या उंबऱ्याला अडखळून पडला नाही असा एकही नातू आमच्या घरात नसावा.

ते चौकोनी कडे मात्र मला जास्त मोलाचे वाटते. त्याच्या आत जे भोक आहे त्याला साणे म्हणतात. घरात सगळे सानंच म्हणत. वाड्याच्या भिंती दोन-अडीच हात जाड आणि चोराचिलटांच्या भीतीने बाहेरच्या बाजूला खिडकी नाही, तेव्हा उजेड येणार कुठून आणि चुलीचा धूर जाणार कुठे, तर वरून. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, साण्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी चौकाच्या दारातून गार हवा आत ओढली जाते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशीकडे सरकला तरी माजघरात दुपारची झोप लागायची, याचे निम्मे श्रेय जाड भिंतींना आणि मातीच्या छताला असेल, पण उरलेले या भोकाला द्यायला हवे.

वळवाचे पहिले टपोरे थेंब पडले की वर पळत जाऊन साण्यावर पत्रा टाकायचा आणि त्यावर दगड ठेवायचा, हे काम माझ्याकडे होते. एकदा मी गोट्यांच्या नादात राहिलो आणि पाऊस आजीच्या वरणात पडला. आजी काही बोलली नाही. तिने तेच वरण मला वाढले.

ते कडे जवळून पाहिले तर तळच्या तीन थरांच्या विटा वाड्याच्या आहेत तशा पातळ, आणि वरचे दोन थर हल्लीच्या भट्टीतल्या जाड विटांचे आहेत. याचे कारण मला बऱ्याच उशिरा समजले. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकण्याची रीत होती. वर्षानुवर्षे थर चढत गेले, माळवद उंच होत गेले आणि कडे बुडू लागले, म्हणून कोणीतरी ते वाढवले. या थरांचे वजन मात्र कोणी मोजले नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साधारण साडेचार टन. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे त्या ढिगाऱ्यांखाली गेली, तेव्हा साऱ्या मराठवाड्याने डोक्यावरच्या मातीकडे वर मान करून पाहिले. आमच्या मामांनीही त्यानंतर माळवद उतरवून स्लॅब घातला. बळद त्याआधीच रिकामे झाले होते. ज्यातून ज्वारी ओतली जाई ते तोंड आता नुसत्या फरशीखाली आहे.

जिन्यावरची खोली मामांनी जुन्या विटांतच पुन्हा बांधून घेतली आणि तिला वयाच्या शंभरीत नवी नोकरी लागली. टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवायचा मामांचा बेत होता. गवंडी म्हणाला, "मालक, खोलीवर ठेवा, भिंती तोलतील." हजार लिटर पाणी म्हणजे एक टन ओझे, आणि ते भिंतींवरून सरळ पायापर्यंत उतरते. शिवाय टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. दर मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण 0.1 किलो दाब वाढतो, एवढे साधे ते गणित आहे. स्लॅबवरच टेकवलेल्या टाकीखाली वरच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्याला हे गणित न शिकवताही कळते.

माजघरावरचे साणे स्लॅबमध्ये बुजले. स्वयंपाकघरावरचे मामींनी बुजवू दिले नाही, तेव्हा ठेकेदाराने कड्यावर पांढुरकी फायबरची शीट घट्ट बसवून दिली आणि उजेड तेवढाच येतो, असे सांगून तो गेला. उजेड येत होता, पण फोडणीचा ठसका घरभर फिरू लागला. गेल्या उन्हाळ्यात मी वर गेलो तेव्हा शीटचे दोन स्क्रू काढलेले होते आणि तिच्या एका कडेखाली जुनी पातळ वीट आडवी सरकवलेली होती. आभाळ भरून आले की मामी खालून हाक मारतात आणि माझा दहा वर्षांचा भाचा ती वीट काढायला जिना चढतो.