किनाऱ्यावरून मोठा मासा, चौथी फेरी: आमिष माशाच्या पलीकडे पडत होतं

आधी हिशेब. पाण्यापाशी साडेसात तास. फेका अठरा-वीस. हरवलेलं वजन एक. चावे दोन, त्यातला एक घाईने घालवला, दुसरा वाळूपर्यंत आला. आधीच्या तीन फेऱ्यांत मोठ्या गळाला एकदाही काही लागलं नव्हतं (हाताएवढे शिंगाळे मी मोजत नाही), त्यामुळे माझ्या हिशेबाने ही दिवाळीच.

त्या तीन फेऱ्यांत मी एकच गोष्ट सुधारत बसलो होतो, फेक. मोकळ्या मैदानावर नुसतं वजन बांधून सराव केला, पावलं मोजली, ९० मीटरपर्यंत पोचलो आणि स्वतःवर खूश झालो. किनाऱ्यावरून लांब म्हणजे खोल आणि खोल म्हणजे मोठा मासा, असं साधं गणित डोक्यात होतं. या वेळी सोबत काका होते. वडिलांचे मित्र, माझ्या वयाहून जास्त वर्षं गरवतायत. मागच्या खेपेला त्यांनी दुरून माझी फेक पाहिली होती. तेव्हा एवढंच म्हणाले, "तू मासे धरायला येतोस की भालाफेकीला?"

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी जवळजवळ पूर्ण होती, दुपारचे चार वाजले होते. मी रॉड जोडायला घेतला तर काका म्हणाले, "राहू दे तो. आधी चालून ये." एक किलोमीटर इकडे, एक किलोमीटर तिकडे, नुसतं पाण्याकडे बघत. पहिली दहा मिनिटं मला काही दिसलं नाही. लाटा येतात, फुटतात, जातात. मग हळूहळू उलगडायला लागलं. बाहेर एक पांढरी रेघ होती, तिथे लाटा आधी फुटत होत्या. तो वाळूचा दांडा. दांडा आणि किनारा यांच्या मध्ये पन्हळीसारखा जरा काळपट पट्टा होता, तिथे लाट फुटतच नव्हती, नुसती सरकत होती. आणि एका जागी ती पांढरी रेघ तुटलेली. पंधरा-वीस मीटर रुंदीची सपाट, गडद जागा, आणि तिथला फेस किनाऱ्याकडे न येता बाहेर चाललेला.

तेच तोंड. लाटांनी आत आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि दांडा जिथे सगळ्यात कमी उंचीचा असतो तिथून बाहेर पडतं. त्या ओढीत पोहायला किंवा कंबरभर उतरायला अजिबात जाऊ नये, पण गरवणाऱ्यासाठी ते दार आहे. भरती चढली की मोठे मासे याच वाटेने आत शिरतात आणि पन्हळीत फिरतात, कारण लाटांनी उकरलेले खेकडे, किडे, बारीक मासे तिथेच साठतात. भरतीला मात्र सगळं एकसारखं राखाडी दिसतं, म्हणून खुणा ओहोटीतच घ्यायच्या. मी वाळूवरचा एक वाळका ओंडका आणि मागची दोन झाडं एका रेषेत धरली, शिवाय उंचावर चढून फोनवर फोटो काढला. फोटोचा उपयोग ओंडक्याहून जास्त झाला, कारण ओंडका साडेआठला तरंगायला लागला.

किनाऱ्यावर उभं राहून अंदाज घेतला तेव्हा कळलं की भरतीला ती पन्हळ माझ्यापासून फार तर ३५ ते ४५ मीटरवर असणार. म्हणजे तीन फेऱ्या मी माझी ९० मीटरची फेक दांड्याच्या पलीकडे, उघड्या सपाट वाळूवर टाकत होतो. मासे माझ्या आणि माझ्या आमिषाच्या मध्ये हिंडत असणार. हे लिहितानाही हसू येतंय.

वेळेबद्दल थोडं. हा पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस होता, म्हणजे उधाणाची भरती. माझ्या आधीच्या दोन फेऱ्या अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीत झाल्या होत्या. तेव्हा पाणी जेमतेम हलत होतं आणि मला वाटत होतं की शांत पाणी म्हणजे चांगलं पाणी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे चढायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ. त्यात पाणी एकाच वेगाने चढत नाही. बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन, एक. एकूण चढाचं निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. आमची ओहोटी साडेचारची, त्यामुळे काकांनी साडेसहा ते पावणेनऊ एवढाच काळ खरा धरला होता. बाकी वेळ, त्यांच्या भाषेत, "हवा खायची".

सामान तेच जुनं: १३ फुटी रॉड, ८००० नंबरचं रील, त्यावर ४० पौंड (सुमारे १८ किलो) ताण सोसणारी विणलेली दोरी ३०० मीटर. पण लीडरबद्दल (मुख्य दोरीच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा) सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या फेरीत मी त्यात कंजुषी केली होती. फेकताना वजनाचा सगळा झटका दोरीवर येतो. ढोबळ नियम असा की वजनाच्या प्रत्येक औंसाला, म्हणजे २८ ग्रॅमला, लीडरची ताकद १० पौंड हवी. माझं वजन १५० ग्रॅमचं, म्हणजे ६० पौंडी लीडर. लांबी रॉडच्या दुप्पट, वर स्पूलवर, म्हणजे रीलच्या गुंडाळीवर, पाच-सहा वेढे. मी तेव्हा ३० पौंडी दोन मीटरचा तुकडा लावला होता. फेकीच्या मधेच रीलची दोरी अडवणारी तार (फेकताना ती उघडी ठेवतात) मिटली, दोरी तुटली आणि १५० ग्रॅम शिसं गोळीसारखं आडवं गेलं. त्या बाजूला कोणी नव्हतं, एवढंच नशीब. तेव्हापासून प्रत्येक फेकीआधी मागे आणि दोन्ही बाजूंना पाहतो. अंधारात तर तोंडाने विचारतो, "मागे कोण?"

लीडर आणि दोरीची एफजी गाठ मी घरी, दिव्याखाली बांधून नेतो. वाऱ्यात, ओल्या बोटांनी ती बांधायचा तीनदा प्रयत्न केलाय, तिन्ही वेळा शिव्याच बाहेर पडल्या.

बाकी जोडणी अशी: सरकतं वजन, खाली जाड १०० पौंडी नायलॉनचा वीतभर तुकडा आणि त्याला ८/० मापाचा गोल गळ. तो तुकडा आखूड ठेवायचं कारण दुहेरी आहे. हवेत तो गरगरत नाही, आणि मासा गळ पोटापर्यंत गिळायच्या आत वजनाचा ताण त्याला जाणवतो. वजन तारांचे पाय असलेलं. आधी माझ्याकडे साधं पेरूच्या आकाराचं होतं, ते आडव्या ओढीत गडगडत पाच मिनिटांत किनाऱ्याला यायचं. तारा वाळूत रुततात आणि जोरात ओढलं की उलट्या होऊन सुटतात.

आमिष म्हणून तेलकट माशाचं डोक्याकडचं अर्धं, लवचीक धाग्याने गुंडाळून बांधलेलं. धागा नसेल तर फेकीतच मांस वेगळं आणि गळ वेगळा होतो. खेकडे वीस मिनिटांत फडशा पाडतात, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी बघायचं. पहिल्या फेरीत मी तासभर भक्तिभावाने बसलो होतो, आणि ओढून काढलं तर चकचकीत रिकामा गळ.

संध्याकाळची पहिली फेक वाया गेली. आधीच्या गुंडाळणीत दोरी सैल बसली होती, स्पूलवरून एकदम दहा वेढे सुटले, गुंता रॉडच्या कडीत अडकला आणि वजन गेलं. उपाय सोपा आहे: फेकून झाल्यावर तार हाताने मिटायची, दोरी एकदा हाताने ताणायची, मगच हँडल फिरवायचं. मला माहीत होतं. केलं नव्हतं.

सव्वासातला पहिला चावा. रॉडचं टोक दोनदा लवलं आणि मग दोरी एकदम ढिली पडली. मला वाटलं गेला. पण ढिली दोरी म्हणजे माशाने वजन उपटलंय आणि तो किनाऱ्याकडे येतोय. मी धावलो, रॉड उचलला आणि अंगातला सगळा जोर लावून झटका दिला. क्षणभर जडपणा, मग काहीच नाही.

"गोल गळाला झटका द्यायचा नसतो रे," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी मान खाली गेली. "नुसता गुंडाळत राहा. दोर ताणला की बाकीचं तो गळच बघतो."

त्यामागचं यंत्र आता समजलंय. गोल गळाचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो घशात सहज रुतत नाही. दोरी सावकाश ताणली की तो बाहेर सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. झटका दिला की फिरायला वेळच मिळत नाही, तोंडातून सरळ बाहेर.

दुसरा चावा आठ वाजून वीस मिनिटांनी. रॉड वाळूत रोवलेल्या नळीत होता, ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) सैल. तो सैल ठेवायचाच, नाहीतर मोठा मासा नळीसकट सगळं समुद्रात नेतो. रील ओरडायला लागलं. हात थरथरत होते, पण या वेळी रॉड उचलून फक्त ड्रॅग हळूहळू आवळत गेलो. घरी ताणकाट्यावर मोजून खूण केली होती: पाच किलो, म्हणजे दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी. रॉड वाकला आणि वाकलेलाच राहिला. तो त्या तोंडातूनच बाहेर निघाला, ऐंशी मीटर तरी दोरी घेतली असेल. आणि थांबला. थांबला म्हणजे दगडच झाला.

दहा मिनिटं काही हललं नाही. मला वाटलं खडकात अडकलं. काका म्हणाले, "पाकट आहे. तळाला चिकटून बसलंय. तू बाजूला चाल." (पाकट म्हणजे शेपटीवर काटा असलेला चपटा मासा.) वीस पावलं उजवीकडे गेलो, दोरीचा कोन बदलला आणि वाळूत रुतलेलं दार कोणी एका कडेने उचलावं तसं ते सुटलं. मग पुन्हा बसलं, पुन्हा चाललो. मनगटं गेली होती.

शेवटच्या पंधरा मीटरांत मी सगळं घालवणार होतो. मासा पायांपाशी दिसतोय म्हणून ओढत सुटलो, तेही परतणाऱ्या लाटेविरुद्ध. दोरी वाजायला लागली. "सोड, सोड!" काका ओरडले. मागे जाणारं पाणी आणि मासा यांचं वजन एकत्र दोरीवर येतं, तेव्हा द्यायचं. येणाऱ्या लाटेबरोबर घ्यायचं, माशाला वळू न देता मागे चालत. तिसऱ्या लाटेने पाकटीला ओल्या वाळूवर आणून ठेवलं. एकूण पंचवीस मिनिटं.

रुंदी ९० सेंटिमीटरच्या जरा पुढे. रॉडच्या बुंध्यावर दहा-दहा सेंटिमीटरला चिकटपट्टी लावून ठेवली आहे, तिच्यावर मोजलं. वजन केलं नाही, लटकवून करायचं नव्हतं. शेपटीवरचा काटा विषारी असतो, म्हणून समोरून जायचं, तेही जपून, कारण शेपूट पुढेही फिरते. डोळ्यांमागची दोन भोकं उचलायची कडी नाहीत, तिथून ती पाणी आत घेते. नव्या लोकांनी हे एवढं तरी लक्षात ठेवा. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे ती आधीच सरकते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, तो भाग बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. गळ कोपऱ्यातच बसला होता, लांब पक्कडने एका फिरकीत सुटला. काकांनी आणि मी पुढच्या लाटेवर तिला वळवलं. एकदा पंख हलले, वाळूचा ढग उठला, गेली.

नंतर साडेअकरापर्यंत थांबलो. पाणी चढायचं थांबलं आणि खेकड्यांशिवाय कोणी आलं नाही. मुशीसाठी म्हणून एक मोठं आमिष लांब फेकलं होतं, काकांनी पाहिलं पण काही बोलले नाहीत. त्यालाही काही लागलं नाही.

पुढची फेरी अमावास्येनंतर. तोपर्यंत ते तोंड सरकलेलं असू शकतं, त्यामुळे फोटोवर न जाता पुन्हा ओहोटीला जाऊन चालणार. लीडरचा शेवटचा मीटर बोटांना खरखरीत लागतोय, तो कापून टाकला. रील ड्रॅग आवळून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतलं, तरी दोरीच्या रोलरमध्ये वाळू शिरली आहे. अजून कुरकुरतोय. उद्या उघडतो.