लस तोंडातून, पण काम मोठं

आज बहिणीबरोबर वाळपईला गेले होते, भाचीच्या लसींसाठी. टोचण्याआधी नर्सबाईंनी रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांना जुलाब लावणाऱ्या विषाणूवरची, लस तिच्या गालाच्या आत हळूहळू सोडली. पोरीने ओठ चाटले, थोडं हनुवटीवर ओघळलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठे होतं हे! जुलाब लागले की पेज आणि देवाचं नाव."

"आम्ही पाणी उकळून देतो, मग ही लस कशाला?" असं शिकलेली माणसंही विचारतात, तेव्हा जीव कळवळतो. स्वच्छता हवीच हो, पण हा विषाणू तेवढ्याने थांबत नाही. लस येण्याआधी श्रीमंत देशांतही जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत त्याची लागण व्हायची. ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, आणि तान्ह्या बाळाच्या अंगातलं पाणी बघता बघता कमी होतं. डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत. अँटिबायोटिक इथे चालत नाही. ओआरएस, झिंक आणि आईचं दूध, सगळी भिस्त यांच्यावर.

२०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरू झालेली ही लस आता देशभर सरकारी केंद्रांत फुकट मिळते. ६, १० आणि १४ आठवड्यांना. त्यानंतरही जुलाब होऊ शकतात, पण सलाईनपर्यंत पाळी जाण्याचा धोका बराच कमी होतो.

कुणाच्या बाळाचा पहिला डोस राहिला असेल तर ते वर्षाचं व्हायच्या आत केंद्रात जाऊन विचारा. कार्ड सोबत न्या.